आला, आली की आले?

भाचा आणि भाची पडद्यासमोर मांडी घालून व्हिडिओ गेम खेळत होते आणि मी त्यांच्यामागे खुर्चीत बसून, कोणी न विचारता, सल्ले देत होते. गुहेच्या अंधाऱ्या टोकाकडून एक गोल, गुलाबी, दोन डोळे सोडले तर चेहऱ्यावर काहीही नसलेला जीव उड्या मारत पुढे आला आणि मी ओरडले, “अगं, ती आली बघ!” भाचीने मान न वळवता माझी चूक दुरुस्त केली. “मावशी, ती नाही गं, तो आहे तो.” त्यावर भाचा म्हणाला, “तो काय नि ती काय, ते आहे ते. मार ना!” तिघांच्या तीन लिंगांचा निकाल लागायच्या आत त्या जिवाने भाचीच्या दाढीवाल्या योद्ध्याला एका उडीत चिरडले आणि कंट्रोलर मांडीवर आपटून तिने जाहीर केले, “मेले मी!”

त्या ‘मेले’ने मला संध्याकाळभर पुरेल इतका विषय दिला. पडद्यावर मेलेला माणूस दाढीवाला, खांद्यावर कुऱ्हाड टाकून हिंडणारा. पण त्याच्या वतीने बोलणारी मुलगी असल्यामुळे तो मरताना स्त्रीलिंगी झाला. पुढच्या डावात भाच्याने लांब वेणीची तिरंदाज निवडली आणि दरीत कोसळताना तो बिनदिक्कत “पडलो, पडलो!” असे ओरडला. दोघांपैकी कोणालाही यात काही खटकले नाही. खेळताना आपण त्या पात्राच्या कातडीत शिरतो असे म्हणतात, पण क्रियापद मात्र आपण आपलेच बरोबर नेतो. समोरून चालून येणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो स्वतःविषयी काही बोलत नाही. त्याच्याविषयी आपल्यालाच बोलावे लागते, आणि मराठीत कोणाविषयी बोलायचे तर आधी त्याचे लिंग ठरवावे लागते. (‘चालून येणाऱ्याची’ म्हणतानाच मी अर्धी फसले होते, ‘तो बोलत नाही’ म्हटले आणि पुरती फसले.)

या खेळांतले बरेचसे जीव जपानी भाषेत जन्मले. त्या भाषेत नामांना लिंग नाही, क्रियापद लिंगानुसार बदलत नाही आणि सर्वनाम गाळले तरी वाक्य उभे राहते. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’साठी खेकडा, ऑक्टोपस आणि स्क्विड यांच्या आकारांवरून परग्रहावरचे हल्लेखोर रेखाटले, तेव्हा त्यांच्यातला नर कोण आणि मादी कोण हा प्रश्न उपस्थित व्हायचे भाषेच्या बाजूने तरी काही कारण नव्हते. आपल्याकडे खेकडा म्हटले की तो झालाच.

मग आपण ठरवतो कशावरून? डोळ्यांनी पाहून, असे वाटते; माझा संशय असा की बरेचसे काम डोळ्यांच्या आधी भाषेने उरकलेले असते. मराठीला आकाराचे जुने वेड आहे. गोळा मोठा, गोळी लहान; सुरा मोठा, सुरी लहान; तीच तऱ्हा डबा-डबीची आणि गाडा-गाडीची. मुंगळा आणि मुंगी हे तर जोडपेही नव्हे, ती दोन मापे आहेत. पण मापाबरोबर लिंगही बदलले. पडद्यावर डोंगराएवढे काही जमीन हादरवत निघाले की तोंडातून ‘आला’ निघते ते याच सवयीने, आणि बोटभर उंचीचे काही तुरुतुरु धावले की ‘पळाली’ किंवा ‘पळाले’. त्यात नावाचा शेवट आडवा येतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये १९८५ पासून पायाखाली चिरडला जाणारा अळंबीसारखा गूम्बा हा ससा, घोडा, बोका यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि आपसूक पुल्लिंगी होतो. ‘पोकेमॉन’ या खेळातल्या पिकाचूचे नाव ऐकले की मला वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू हे सगळे कुटुंब आठवते आणि ‘ते पिकाचू’ असेच म्हणावेसे वाटते. भाचा-भाची दोघेही ‘तो’ म्हणतात. चाकू आणि खडूही तोच असतो, हा त्यांचा युक्तिवाद. सासू आणि जळू ती असते, हा माझा.

नपुंसकलिंग ही पळवाट आपल्या हाती आहे खरी, पण ती निष्पाप नाही. बाळ, पिल्लू, पाडस यांची माया ‘ते’मध्ये आहे आणि कार्टे, ध्यान, धूड यांची तुच्छताही त्यातच आहे. नुसते ठाऊक नाही म्हणून ‘ते’ म्हणावे, तर ऐकणाऱ्याला एकतर लाड ऐकू येतात, नाहीतर शिवी. ‘पॅक-मॅन’ या खेळाच्या चक्रव्यूहातल्या भुतांनी तर या लिंगाची आणखीच एक गंमत मला दाखवली. भूत एकटे असले की ‘ते आले’. चार भुते एकत्र झाली की ‘ती आली’, आणि आता सर्वनाम व क्रियापद दोन्ही एकट्या बाईसारखी दिसू लागतात. भाची पलीकडच्या खोलीतून “ती आली, ती आली!” असे किंचाळते तेव्हा चार भुते आली आहेत की तिची मैत्रीण, हे उठून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चित्रकाराची अडचण वेगळी असते. त्याच्याकडे क्रियापद नाही. त्याला जे सांगायचे ते रेषेत सांगावे लागते. १९८० सालचा पॅक-मॅन म्हणजे एक तुकडा काढून घेतलेले पिवळे वर्तुळ. नाव सोडले तर त्या वर्तुळात पुरुषासारखे काहीही नाही. त्याचे निर्माते तोरु इवातानी यांना तर बायकामुलींनाही खेळगृहात यावेसे वाटेल असा खेळ करायचा होता, म्हणून त्यांनी गोळीबार सोडून खाण्याभोवती तो रचला. १९८२ मध्ये त्याच वर्तुळाला लाल रिबीन, रंगवलेले ओठ आणि गालावर तीळ मिळाला आणि ती ‘मिस पॅक-मॅन’ झाली. म्हणजे स्त्री व्हायला काहीतरी चढवावे लागते आणि काहीच चढवले नाही तर पुरुष, हा हिशेब त्या रिबिनीने पक्का केला. मला या रिबिनीचा मनापासून कंटाळा आहे. मात्र त्याच खेळात क्लाइड या नारिंगी भुताच्या जागी सू नावाचे भूत आले आणि तिला ना रिबीन दिली ना तीळ. रंग तोच, झगा तोच, फक्त नाव बदलले. त्या खेळातली खरी धीट कल्पना मला ही वाटते, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

अर्थात रिबिनीला नावे ठेवणारी मी गुलाबी रंग पाहून ‘ती आली’ म्हणाले होतेच. किर्बी नावाच्या खेळातल्या गोल जिवाने मला आधीच शहाणे करायला हवे होते. १९९२ साली गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्राच्या रंगहीन पडद्यावर तो जन्मला. त्याचे निर्माते मासाहिरो साकुराई यांच्या मनात तो पहिल्यापासून गुलाबी होता, पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या खोक्यावर तो पांढराफटक छापला गेला. पुढे सर्वांना त्याचा गुलाबी रंग कळला, तरी इंग्रजी मजकुरात त्याचे सर्वनाम पुल्लिंगीच राहिले.

रंग फसवतो तर निदान अंडी तरी खरे सांगतील, असे कोणी म्हणेल. १९९० पासून मारिओला पाठीवर घेऊन धावणारा योशी शत्रूला गिळतो, त्याचे अंडे करतो, ते फेकून मारतो आणि तरीही सर्वत्र ‘तो’च असतो. त्याच्या दोन वर्षे आधीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मधली बर्डो तोंडातून अंडी थुंकते, अंगाने गुलाबी आहे, डोक्यावर रिबीन आहे, आणि तिच्याविषयी त्या खेळाच्या पुस्तिकेत लिहिले होते की हा स्वतःला मुलगी समजतो. मराठी इथे अनपेक्षितपणे मदतीला येते. ‘योशीने अंडे घातले’ या वाक्यात क्रियापद अंड्यामागून चालते, त्यामुळे घालणाऱ्याचा प्रश्न झाकला जातो. भाषेने धरलेला हा आडपडदा मला इतका आवडला की मी ते वाक्य दोनदा म्हणून पाहिले.

‘माइनक्राफ्ट’मध्ये हा प्रश्नच मोडीत काढला आहे. तिथली प्रत्येक गाय दूध देते आणि कोणत्याही दोन गाईंना गहू भरवला की वासरू होते. प्रत्येक कोंबडी अंडी घालते आणि कोणत्याही दोन कोंबड्यांना दाणे टाकले की पिल्लू. बैल नाही, कोंबडा नाही. त्या जगातले सगळे जीव लिंगरहित आहेत, असे निर्माते मार्कस पर्सन यांनीच सांगून ठेवले आहे. पण हे मी मराठीत सांगायला गेले की गाय ती, कोंबडी ती, घोडा तो आणि डुक्कर ते, अशी वाटणी माझ्या नकळत होऊन जाते. डुकराची आकृती करताना लांबी आणि उंचीचे आकडे उलटे पडल्यामुळे जो उभा, हिरवा क्रीपर जन्मला, तोही भाच्याच्या तोंडी ‘तो’च आहे. आवाज न करता मागून येऊन स्फोट करतो म्हणून तो, असे त्याने मला समजावले.

सर्वांत सविस्तर हिशेब ‘पोकेमॉन’मध्ये आहे. १९९६ च्या पहिल्या खेळांतल्या १५१ जिवांमध्ये फक्त निडोरानच्या नावापुढे नर किंवा मादीचे चिन्ह होते. बाकीच्यांविषयी खेळ गप्प होता. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये बहुतेकांना लिंग मिळाले, आणि ते कशावरून ठरत होते हे कळले तेव्हा मी चकित झाले. प्रत्येक जिवाच्या पोटात हल्ल्याच्या ताकदीचा ० ते १५ यांमधला एक छुपा आकडा असे आणि लिंग त्याच आकड्यावरून निघे. ज्या जातीत नर-मादी निम्मे-निम्मे, तिथे ७ पर्यंत मादी आणि ८ पासून नर. म्हणजे त्या जातीतली सर्वांत जोरकस मादीसुद्धा सर्वांत मवाळ नराच्या एक पायरी खालीच जन्माला येणार. कोणी मुद्दाम खोडसाळपणा केला असेल असे मी मानत नाही. आधीच्या खेळांतले जीव या खेळांत आणता येत होते, तेव्हा त्यांच्याजवळ आधीच असलेल्या आकड्यातून लिंग काढणे सोयीचे होते. सोयीच्या मार्गाने गेले की अशी जुनी समजूत वाटेत भेटतेच. २००२ मध्ये ही गाठ सोडवली गेली, आणि २००६ मध्ये मादी पिकाचूच्या शेपटीच्या टोकाला बदामासारखी खाच आली. तोवर चित्रात दोघांना ओळखायचा मार्ग नव्हता.

भाच्याकडे या खेळातली एक गार्डव्हॉर आहे. पायघोळ पांढरा झगा, सडपातळ हात, एका डोळ्यावर आलेले हिरवे केस. आठवडाभर तो ‘माझी गार्डव्हॉर जिंकली’ असेच सांगत होता. एकदा मी चष्मा लावून पडद्याजवळ वाकले आणि नावाशेजारचे चिन्ह त्याला दाखवले. नर होता. त्याने डोळे बारीक करून ते चिन्ह पाहिले, मग झगा पाहिला, मग पुन्हा चिन्ह. पुढची दहा मिनिटे तो फार जपून बोलला, “माझी… माझा गार्डव्हॉर दमली… दमला आहे.” अकराव्या मिनिटाला लढाई रंगात आली आणि ती पुन्हा ‘ती’ झाली.

१९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये सॅमस ही चिलखत घातलेली आकृती शेवटपर्यंत परग्रहावरच्या जिवांशी लढते आणि खेळ पुरेशा वेगाने संपवला तरच त्या चिलखतात बाई होती हे कळते. इंग्रजी पुस्तिकेने तिला पुरुषवाचक सर्वनाम वापरून ते गुपित राखले, म्हणजे चक्क थाप मारली. हा खेळ मुलांना सांगताना मी थाप न मारता गुपित राखायचे ठरवले आणि दुसऱ्याच वाक्यात अडखळले. गेला म्हणावे तर खोटे, गेली म्हणावे तर सगळे उघड. बराच वेळ चाचपडल्यावर सापडले की मराठीत एक काळ असा आहे जिथे तिघांनाही एकच दार आहे. तो येईल, ती येईल, ते येईल. भविष्यकाळात क्रियापद कोणाचेच लिंग विचारत नाही. जे अजून आलेलेच नाही त्याची चौकशी कशाला? मी सॅमसची सगळी कथा भविष्यकाळात सांगितली. मुलांना वाटले मी ज्योतिष सांगते आहे.

त्या संध्याकाळी दोघे अखेरच्या दालनाच्या दारापाशी पोहोचले तेव्हा दिवे मालवलेले होते आणि मीही सल्ले द्यायचे विसरले होते. “येईल आता,” भाची कुजबुजली. “कोण येईल?” मी विचारले. “माहीत नाही. येईल.” दार दगडावर दगड घासत वर गेले. आत आधी नुसता काळोख होता, मग त्या काळोखाला कड आली, मग ती कड पडद्याच्या दोन्ही बाजूंना भिडली. माझ्या मापाच्या नियमाप्रमाणे एवढ्या मोठ्या धुडासाठी ‘आला’ हाच शब्द यायला हवा होता. भाचीने दोन्ही हातांनी कंट्रोलर छातीशी धरला आणि वादळाविषयी बोलावे तशी ती ओरडली, “आलं, मावशी, आलं!” भाचा “पळ!” म्हणेपर्यंत उशीर झाला होता. “मेलो” आणि “मेले” एकदमच ऐकू आले.