टाटातला तासभर

आज परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात प्लेटलेट्स देऊन आलो. शेजारच्या वहिनींचा भाचा, वय १६. इविंग सार्कोमा. हाडाचा कॅन्सर, तोही क्वचित होणारा, आणि गाठतो तो बहुतेक याच वयात. केमोनंतर प्लेटलेट्स पार खाली गेल्या होत्या. मशीन प्लेटलेट्स तेवढ्या काढून घेतं, बाकीचं रक्त परत अंगात. रक्तदानासारखं तीन महिने थांबायला नको, ४८ तासांनी पुन्हा देता येतात. (हे मला चाळिशीत कळलं!)

आईवडील नांदेडहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेत. धीराचं काय बोलावं सुचेना, म्हणून नुसता डबा पुढे केला. त्याची आई संकोचत म्हणाली, "दादा, उद्या तिखट कमी टाका, तोंड आलंय त्याचं."

हक्कानं सांगितलं, बरं वाटलं. उद्या मऊ भात आणि साधं वरण.