केसपेपरवरची एक ओळ

नसबंदी केलेला पुरुष ती नस पुन्हा जोडून मागतो, तेव्हा कारण बहुधा दोहोंपैकी एक असते : दुसरे लग्न किंवा दगावलेले मूल. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या त्या डाळिंब बागायतदाराचा ११ वर्षांचा मुलगा शेततळ्यात बुडाला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही, हे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे, तरीही कुंपण घातलेली आणि दोर सोडलेली तळी मला अजून थोडीच दिसतात.

केसपेपर मी स्वतः लिहिला. वय ४१, पत्नी ३६, मुलगी १५ वर्षांची, बिनटाक्याची नसबंदी १२ वर्षांपूर्वी. त्याखाली एक ओळ : ‘कारण – दुसऱ्या बाळंतपणात पत्नीस अतिरक्तस्राव.’ त्या ओळीने मला त्या माणसाविषयी आदर वाटला, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आढळली आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के निघाले. आणीबाणीतील सक्तीची धास्ती त्यामागे आहे हे खरे, पण इतक्या वर्षांनंतरही तीच सबब पुढे करणे मला मान्य नाही. आदर वाटला आणि मी पुढचा रकाना भरायला घेतला.

यशाची शक्यता मी दोघांनाही समोर बसवून सांगितली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४६९ पुरुषांच्या अमेरिकेतील अभ्यासात नसबंदीला तीन वर्षे झाली नसतील तर ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. ९ ते १४ वर्षांनंतर हेच आकडे ७९ आणि ४४ टक्क्यांवर आले. म्हणजे नस मोकळी होणे आणि मूल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बरीचशी पत्नीच्या वयावर ठरते. ‘नंतर वाटलंच तर जोडता येते’ असे नसबंदीच्या वेळी सहज सांगून टाकणारे डॉक्टर हा फरक सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. पत्नीच्या रक्ताच्या आणि सोनोग्राफीच्या तपासण्या मी आधीच करून घेतल्या होत्या. त्या चांगल्या होत्या.

शस्त्रक्रियेला चार तास लागले. उजवीकडची नस कापून वृषणाकडच्या टोकातून आलेला थेंब काचपट्टीवर घेतला, तर तो बऱ्यापैकी पातळ होता आणि त्यात अखंड शुक्राणू दिसले. अशा वेळी दोन टोके थेट जोडता येतात. पण वृषणाकडचे टोक वर्षानुवर्षांच्या दाबाने फुगलेले असते आणि पलीकडच्या टोकाचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असते. ही विषम तोंडे जुळवण्यासाठी मी प्रत्येक टाक्याची जागा आधी शाईच्या ठिपक्याने आखतो आणि मगच केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या जाडीच्या धाग्याने आतला थर शिवतो. जोडावर किंचितही ताण राहिला, तर महिन्या-दोन महिन्यांत तो आक्रसतो. डावीकडे दाट, पांढरा स्राव निघाला आणि त्यात एकही शुक्राणू नव्हता. याचा अर्थ अडथळा आणखी मागे, वृषणाला चिकटून असलेल्या अधिवृषणाच्या बारीक नळीत तयार झाला होता, म्हणून नस थेट त्या नळीला जोडावी लागली. माझ्या कामातला हा सर्वांत कठीण जोड आहे. त्या दिवशी तो मनासारखा जमला, आणि घरी जाताना मी फार समाधानी होतो.

सहा आठवड्यांनी वीर्यात तुरळक शुक्राणू दिसले. चौथ्या महिन्यात मिलिलिटरमागे २.२ कोटी, आणि त्यांची हालचालही चांगली होती. अहवाल हातात घेऊन तो उभ्या उभ्या रडला. बिल भरायला तो खाली गेला, तेव्हा आजवर माझ्यासमोर जेमतेम चार वाक्ये बोललेली त्याची पत्नी खुर्चीवरून न उठता म्हणाली, “डॉक्टर, मी तांबी बसवून घेतलीय. माहेरच्या सरकारी दवाखान्यात. यांना माहीत नाही.”

मला काही सुचेना. तीच पुढे म्हणाली, “त्या वेळी रक्ताच्या सात बाटल्या चढवल्या. ही पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती. आता मी गेले तर तिचं कोण? पण पोरगा गेल्यापासून हे जेवत नव्हते. ऑपरेशनला नको म्हणायला जीभ रेटली नाही.”

तिची भीती अवाजवी नव्हती. एका बाळंतपणात असा रक्तस्राव झालेल्या स्त्रीला पुढच्या वेळी त्याचा धोका इतरांहून अधिक असतो, आणि ते सांगायला तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे मी शस्त्रक्रियेआधीच पाठवायला हवे होते. मी तिची बीजे मोजली, तिला स्वतःला एकटीला बसवून एक प्रश्नही विचारला नाही. संमतीपत्रावर तिची सही होती आणि तेवढी मला पुरली. ते गुपित तिचे आहे, ते मी तिच्या नवऱ्याला सांगू शकत नाही. पण ते तिने त्याला सांगावे, हवे तर माझ्यासमोर सांगावे, असे मी तिला विनवले. तिने मान हलवली.

त्यानंतर तो दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा एकटाच. अहवाल उत्तम आहेत. गेल्या खेपेस त्याने टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च विचारला आणि विहिरीजवळचा अर्धा एकर काढायची तयारी असल्याचे सांगितले. कोणताही व्यवहार करू नका, पुढच्या वेळी दोघे मिळून या, एवढेच मी म्हणालो. पुढची तारीख येत्या मंगळवारची आहे, आणि तो पुन्हा एकटाच आला तर काय बोलायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.