३२ इंच १ सूत

फेब्रुवारी संपत आला की मिशिगनमध्ये करण्यासारखं काही उरत नाही. बर्फ काळा पडलेला असतो, ऊन नावालाच. मग मी शेजारच्या कोचच्या तळघरात जाऊन बसतो. निवृत्त माणूस, तीस वर्षं शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवलेला, अमेरिकी, हातात चेंडू घेऊन खेळायचा. टीव्हीवर इंडियानापोलिसचं कॉम्बाइन चालू असतं. कॉलेजातून एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, जाऊ पाहणाऱ्या पोरांची भरती म्हणा. १९८७ पासून त्याच शहरात.

यंदा एका पोराचं नाव पडद्यावर आलं, खाली उंची, वजन, पंजा, हात. हात म्हणजे खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजलेला. आपले सुतार-गवंडी त्याला सूत म्हणतात. कोच पुटपुटले, "आखूड आहे," आणि वहीत त्याच्या नावापुढे रेघ मारली. ती रेघ मला झोंबली.

आमचा अण्णा, थोरल्या काकांचा मुलगा, पोलीस भरतीसाठी तीन वर्षं पहाटे चारला उठून तासगाव रोडला धावला. १६०० मीटर, गोळा, सगळं चोख. छाती न फुगवता ७९, फुगवून ५ वर. उंची १६५ हवी होती, भरली १६४.५. पट्टीवाल्यानं पुढच्याला हाक मारली. अण्णा आज टेम्पो चालवतो. तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि माझ्या फीत थोरल्या काकांचेही पैसे होते. माझी उंची १७४. तिचा मला आयुष्यात काडीचा उपयोग झालेला नाही.

तर हात का मोजतात? डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या गड्यांतून वाट काढत क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याला, लोळवणारा. लोळवला की सॅक. ज्याचे पंजे समोरच्याच्या छातीवर आधी बसतात तो दुसऱ्याला हवा तसा हलवतो, म्हणून लांब हातांचं एवढं कौतुक. मान्य. पण २०२२ ला काय झालं ते ऐका.

एडन हचिन्सन. आमच्या नोव्हायच्या अलीकडच्या प्लिमथचा पोरगा. वडीलही मिशिगन विद्यापीठाकडून लाइनवरच खेळले आणि पुढे डॉक्टर झाले. याने २०२१ च्या हंगामात १४ सॅक केले, विद्यापीठाचा विक्रम. त्यातले ३ एकट्या ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध, पडत्या बर्फात. मिशिगन ४२-२७ ने जिंकलं. त्याआधी त्यांच्याशी ओळीने ८ वेळा हरलेलं. त्या शनिवारी ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसं होती, त्यांत मी होतो. पायाची बोटं रविवारी दुपारी माझी झाली.

मग इंडियानापोलिसला त्याचा हात भरला ३२ इंच १ सूत. जॉर्जिया विद्यापीठाच्या ट्रॅव्हॉन वॉकरचा साडेपस्तीस. शिवाय १२३ किलोचं ते धूड ४० यार्ड ४.५१ सेकंदांत पळालं. त्या हंगामातले त्याचे सॅक किती? ६. तरी एनएफएलचे संघ पाळीपाळीने पोरं निवडायला बसले तेव्हा जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर वॉकर उचलला. हचिन्सन दुसरा, आमच्या डेट्रॉइट लायन्सकडे. आम्ही नाचलो, पण सव्वातीन इंच आणि एका सुताने आमचं पोर मागे टाकलं हे डोक्यात बसलं ते बसलंच. २०२५ मध्ये मिशिगनच्याच मेसन ग्रॅहमच्या हातांवरून पुन्हा तीच कुजबुज. गेला तो पाचव्या क्रमांकावर.

पहिल्या वर्षी एनएफएलमध्ये हचिन्सनचे सॅक साडेनऊ, वॉकरचे साडेतीन (दोघांनी मिळून लोळवला की अर्धा-अर्धा). हा निकाल मी कोचना ऐकवायला गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "वॉकरच्या सामन्यांची टेप बघितलीस?"

बघितली नव्हती. मग एका दुपारी त्यांनी मला बसवलं. पहिला नियम, चेंडूकडे बघायचं नाही. (क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे जेवताना ताटाकडे बघू नको म्हणण्यासारखं.) फक्त एक गडी धरायचा. चेंडू हलल्यावर त्याचं पहिलं पाऊल किती लवकर पडतं? कंबर खाली राहते की तो उभाच होतो? दोघे अंगावर आले तर पाय रोवतो की मागे रेटला जातो? पहिला डाव फसला तर हातात दुसरा आहे का? आणि शेवटच्या क्वार्टरला, धाप लागलेली असताना, चेंडू पार पलीकडे गेला तरी हा धावतो का? दहा-बारा खेळ्या आम्ही चार-चार वेळा बघितल्या. वॉकर बऱ्याचदा आत, गर्दीत उभा असायचा. नेमून दिलेली फट बुजवायची, सॅक दुसऱ्याच्या नावावर. त्या एका बचावातले ५ जण २०२२ च्या पहिल्या फेरीत उचलले गेले. ६ हा आकडा मी त्याच्या एकट्याच्या माथी मारला होता. पुढच्या दोन हंगामांत वॉकरने १० आणि साडेदहा सॅक केले. कोचना मराठी वाचता येत नाही, म्हणून लपवणं बरं नव्हे.

पट्टीवर भाळण्याचे मासलेही त्यांच्याकडे आहेत. वर्नन घोल्स्टनने १०२ किलोचा बार ३७ वेळा उचलला. २००८ मध्ये जेट्स या संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतला आणि एनएफएलमध्ये त्याच्या नावावर एकही सॅक नाही. ॲरन डोनाल्डच्या सहा फूट एक इंचावरून लोकांनी नाकं मुरडली. २०१४ ला तो तेरावा गेला आणि पुढे तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

नवीन असताना मी ऑफिसात या सगळ्याला बैलबाजार म्हटलं होतं. वर, आमच्याकडे माणसं अशी मोजत नाहीत, असंही ठोकून दिलं. अण्णाचा सख्खा चुलतभाऊ बोलतोय हे! आता हेवा वाटतो तो टेपचा. आखूड हाताच्या पोरासाठीही कुणीतरी तासन्‌तास बसून बघतं. अण्णाची तीन वर्षं तासगाव रोडवरच्या कुत्र्यांनी तेवढी बघितली.

पण हे इथल्या लोकांना सांगितलं की ते कणवेने मान हलवतात, आणि मग माझं डोकं फिरतं. तुमच्या कॉम्बाइनला येतात तीनशे-सव्वातीनशे पोरं. आमच्या २०२४ च्या पोलीस भरतीत जागा १७ हजारांच्या आसपास आणि अर्ज १७ लाखांवर. कोण बघणार टेप? पट्टी निदान कुणाचा पोरगा आहेस ते विचारत नाही. अण्णाने स्वतः पट्टीला कधी शिवी दिलेली मी ऐकली नाही. ते काम मीच करतो, इथून.

रविवारी त्याला हचिन्सनची क्लिप पाठवली. तासाभरानं फोन आला.

"गडी कबड्डीचा हाय की रं. कोपऱ्याला उभा कर, टांग सोडणार न्हाई."

"हात आखूड आहेत म्हणतात त्याचे."

"कुठनं मोजत्यात?"

सांगितलं. पलीकडे वहिनींना टेप शोधायला लावल्याचा आवाज आला. शिवणाच्या डब्यात सापडली.

"माझा साडेसत्तावीस. थांब, पोराचा बघू." पोरगं सतरा वर्षांचं. बराच वेळ नुसती कुजबुज. "अठ्ठावीस आन् वर दोन सूत."

"आणि उंची?"

"१६३. दारात दांडी ठोकलीया, रोज लोंबकळतंय."