दिल्लीवर होते, दिल्लीत नव्हे

न्यूझीलंडचे तीन आठवडे आधी एका दमात उरकते. रोटोरुआला दोन दिवस गंधकाच्या वासात काढले, वायटोमोच्या गुहेत काजव्यांसारख्या चमकणाऱ्या अळ्या बघून मान आखडली, डोंगर हिरवे आणि मेंढ्या पांढऱ्या आहेत. संध्याकाळी साडेपाचनंतर बाहेर चहा मिळणं मुश्कील, त्यामुळे ह्यांचा मूड रोज साडेपाचला जात असे. दिवसातून चार वेळा पाऊस आणि चार वेळा ऊन, म्हणजे स्वेटर कायम हातात. बाकी वर्णन इतरांनी भरपूर केलंय, ते वाचा. मला लिहायचंय ते ऑकलंडमधल्या एका तोफेबद्दल.

माझे वडील, अण्णा, नेव्हीत होते. आम्ही मालवणचे. १९६० ते ६३ ते आयएनएस दिल्ली या क्रूझरवर होते आणि आजी गावभर सांगायची, "झील माझो दिल्लीक आसा." लोकांना वाटायचं, राजधानीत मोठ्या हुद्द्यावर आहे. कुणीतरी तिला विचारलं म्हणे, नेहरू दिसतात का? गंमत म्हणजे प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. १९५० साली नेहरू इंडोनेशियाला गेले ते याच जहाजावरून. पण अण्णा तेव्हा शाळेत होते, आणि नंतरही ते ज्या जागी काम करत तिथून नेहरूच काय, समुद्रसुद्धा दिसत नसे. अण्णा स्टोकर होते. बॉयलर रूममध्ये.

तर ऑकलंडला लेकाचं घर सेंट हेलियर्सच्या बाजूला. पहिल्याच रविवारी सून म्हणाली, आई, जवळच एक पॉइंट आहे, समोर रंगिटोटो बेट मस्त दिसतं. गेलो. कड्यावरचा छोटासा व्ह्यू पॉइंट, समोर तो झोपलेला ज्वालामुखी, वारा असा की ह्यांची टोपी दोनदा पळाली. खालच्या किनाऱ्याकडे बघू नका असं सुनेने आधीच बजावलं होतं, तिथे लोक कपड्यांशिवाय ऊन खातात. साहजिकच आम्ही दोघांनीही पाहिलं. कुणी नव्हतं, थंडी होती. मग मी पाटीवरचं नाव वाचलं: अकिलीस पॉइंट.

नाव ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते आठवेना. रात्री अंथरुणात आठवलं. अण्णांची एक ठरलेली ओळ होती: "आमची दिल्ली म्हणजे सेकंडहँड माल. मूळ नाव अकिलीस. सायबाने लढाई करून वापरली, मग आम्हाला विकली." मी उठून बसले. हे म्हणाले, काय झालं? म्हटलं, आज दुपारी आपण अण्णांच्या जहाजाच्या नावावर उभे होतो.

दुसऱ्या दिवसापासून माझं पर्यटन संपलं आणि वाचन सुरू झालं. अण्णा हयात असताना यातलं काहीही विचारलं नाही, ही कबुली इथेच देऊन टाकते. घरात असलेल्या माणसाला काय विचारायचं, असं वाटायचं. आणि आता दहा हजार किलोमीटरहून लांब येऊन मोबाइलवर शोधत बसले.

जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडचं. १ सप्टेंबर १९३२ ला पाण्यात सोडलं. लाइट क्रूझर, म्हणजे युद्धनौकांमधली मधली बहीण: विनाशिकेपेक्षा मोठी, बॅटलशिपपुढे लहान. सहा इंची आठ तोफा, दोन-दोनच्या चार जोड्यांत. महायुद्ध सुरू झालं तेव्हा अकिलीस ब्रिटिश आरमाराच्या न्यूझीलंड विभागाकडे होती आणि निम्म्याहून जास्त खलाशी इथलेच होते. म्हणून या लोकांना ती आपली वाटते.

१३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे दक्षिण अमेरिकेजवळ, रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर, तिची गाठ जर्मनांच्या अडमिरल ग्राफ श्पे या युद्धनौकेशी पडली. ग्राफ श्पे त्याआधी काही महिने मालवाहू जहाजं बुडवत फिरत होती. तिच्या तोफा अकरा इंची, गोळा तीनशे किलोचा. अकिलीसचा गोळा पन्नास किलोचा. म्हणजे आपल्या गल्लीतल्या पोराने पैलवानाला अंगावर घेण्यासारखं. पण पोरं तीन होती: एक्सेटर, एजॅक्स आणि अकिलीस. एक्सेटरने सगळ्यात जास्त मार खाल्ला, तिची ६१ माणसं गेली. बाकीच्या दोघी पुढे येत, मागे सरत, वळत, गोळे चुकवत मारत राहिल्या. एक गोळा अकिलीसशेजारी पाण्यावर फुटला, त्याचे तुकडे वर तोफांचा नेम धरणाऱ्या कक्षात घुसले. चार जण मेले. कॅप्टन पॅरी पायाला जखम झाली तरी उभे राहिले. लढाईला तोंड लागलं तेव्हा डोलकाठीवर न्यूझीलंडचा झेंडा चढवला होता, त्या झेंड्याखाली लढलेली ही पहिली युद्धनौका. ग्राफ श्पे शेवटी मोंटेव्हिडिओ बंदरात शिरली. बाहेर इंग्रजांचं मोठं आरमार जमतंय अशी हूल उठवली होती, ती तिच्या कॅप्टनला खरी वाटली. १७ डिसेंबरला त्याने स्वतःच जहाज उडवून दिलं आणि दोन-तीन दिवसांत स्वतःलाही गोळी घातली. फेब्रुवारीत अकिलीस ऑकलंडला परतली तेव्हा क्वीन स्ट्रीटवर एक लाखाच्या आसपास माणसं जमली होती. आज त्या रस्त्यावर शनिवारी दुपारीसुद्धा आपल्या डोंबिवली स्टेशनच्या जिन्याइतकी गर्दी नसते. म्हणजे जवळजवळ अख्खं गावच आलं असणार.

लेक म्हणाला, आई, तिचा एक टरेट इथे आहे. डेव्हनपोर्टला, नाविक तळाच्या फाटकाजवळ. टरेट म्हणजे दोन तोफा बसवलेली पोलादी फिरती खोली. १९७८ साली मुंबईत जहाज भंगारात निघालं तेव्हा भारताने हा टरेट न्यूझीलंडला भेट दिला.

ऑकलंडच्या धक्क्यावरून डेव्हनपोर्टची फेरी बारा मिनिटांची. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेल्या माणसाला ही फेरी म्हणजे लाँच सुटली आणि लागली. मी हट्टाने वरच्या डेकवर बसले आणि वाऱ्याने कानात दडे बसवून घेतले. पलीकडे उतरल्यावर मी आत्मविश्वासाने उजवीकडे वळले. त्या बाजूला नौदलाचं संग्रहालय आहे, टॉर्पेडो बे. मला वाटलं, तोफही तिथेच असणार. किनाऱ्याने पंधरा मिनिटं, ह्यांच्या गुडघ्यांनी पंचवीस. संग्रहालय छान आहे आणि फुकट आहे, पैसे द्यायचे तर डब्यात टाका. शेजारी कॅफे आहे, तिथे ह्यांना भर दुपारी चहा मिळाला, त्यामुळे माझी चूक माफ झाली. कारण तोफ इथे नव्हतीच. ती धक्क्याच्या डाव्या अंगाला, बरोबर उलट दिशेला.

निघण्याआधी तिथल्या एका आजोबांशी बोलले. ऐंशीच्या पुढचे असावेत. म्हटलं, माझे वडील अकिलीसवर होते, पण ती दिल्ली झाल्यानंतर. त्यांचे डोळे असे चमकले की मला अचानक प्रतिष्ठित पाहुणी झाल्यासारखं वाटलं. कुठे होते, कुठल्या तोफेवर, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तोफेवर नाही, बॉयलरवर. बॉयलरचं काही आहे का इथे? ते हसले. म्हणाले, बॉयलर तुम्ही ठेवून घेतलेत, आम्हाला फक्त तोफा मिळाल्या.

बोलणं गमतीचं होतं, पण परत धक्क्यापर्यंत चालताना ते डोक्यातून जाईना. दिल्लीचे बॉयलर मुंबईत तोडले गेले. त्या लोखंडाचं काय झालं असेल? सळया झाल्या असतील, कुठल्यातरी चाळीच्या जिन्याचे कठडे झाले असतील. मी तीस वर्षं मुंबईत लोकलने ये-जा केली, कदाचित रोज हात लावत असेन.

आणि मग ती दिसली. रस्त्याच्या कडेला, राखाडी रंगाची. माझ्या मनात होतं की काहीतरी भव्य असेल. आहेही, जवळ गेल्यावर. दोन लांबलचक नळ्या, मागे जाड पोलादाची पेटी. आजूबाजूला मोटारी लावलेल्या, एक बाई कुत्रा घेऊन गेली, तिने वळूनही पाहिलं नाही. रोजचंच तिला. आपण गेटवेला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याकडे कितीदा मान वर करून बघतो?

हा वाय टरेट, म्हणजे सगळ्यात मागचा. पुढे ए आणि बी, मागे एक्स आणि वाय, अशी इंग्रजांची पद्धत. वायच्या लगेच पुढे, थोडा उंचावर एक्स होता. ५ जानेवारी १९४३ ला पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळ जपानी विमानाचा बॉम्ब बरोबर त्या एक्सवर पडला, तेरा माणसं गेली. पुढे अकिलीस दुरुस्तीला इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला गेली तर तिथे गोदीत स्फोट होऊन आणखी चौदा कामगार गेले. म्हणजे रिव्हर प्लेटच्या गाजलेल्या लढाईत चार आणि गोदीत चौदा. एक्स परत बसवलाच नाही. १९४८ साली भारताने जहाज घेतलं तेव्हा आठऐवजी सहाच तोफा होत्या. अण्णांच्या शब्दांत, "सेकंडहँड, त्यात पार्ट कमी." आणि १९५६ साली रिव्हर प्लेटच्या लढाईवर इंग्रजी सिनेमा आला, त्यात अकिलीसचं काम या आपल्या दिल्लीनेच केलं. म्हातारपणी स्वतःच्याच तरुणपणाची भूमिका.

मी हात लावला. गार. इतकं गार की पटकन काढून घेतला.

मला रडू येईल असं वाटलं होतं. ह्यांनी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. पण आला तो राग. कारण ही तोफ अण्णांची नव्हे. त्यांनी ती कदाचित जवळून पाहिलीही नसेल. त्यांची दिल्ली म्हणजे दोन दारांमागची एक खोली. बॉयलर रूममध्ये हवेचा दाब जास्त ठेवत, म्हणून आत शिरताना एक दार घट्ट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत तेलाचे फवारे, आग, कानठळ्या, आणि अंगातून निथळणारं पाणी. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायची, मासोळीसारखा गुळगुळीत लागायचा.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे गोवामुक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा दिल्ली दीवसमोर होती. किल्ल्यात पोर्तुगीज होते आणि दिल्लीने सहा इंची तोफांनी किल्ल्यावर मारा केला. नात्झींशी लढलेल्या जहाजाने बावीस वर्षांनी पोर्तुगिजांवर गोळे टाकले, आणि त्या सहा तोफांमधल्या दोन आज माझ्यासमोर. मालवण गोव्याच्या उंबरठ्यावरचं गाव. अण्णा सुटीवर आले तेव्हा अख्खी आळी ओट्यावर येऊन बसली, गोवा कसो घेतलास म्हणून. आई सांगायची, त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तां दीव, गोवा न्हय. आणि माका काय विचारतास? मी खाली होतंय."

आळी हिरमुसून गेली. लोकांना वाटलं, गडी बढाई मारत नाही म्हणजे लपवतोय. पण ते खरंच सांगत होते. तोफा सुटल्या की वरून रंगाचे पोपडे पडत आणि दिवे थरथरत, एवढंच त्यांना कळलं. वेग वाढवा, कमी करा, असे हुकूम येत, तसे ते बर्नर चालू-बंद करत. दीव हे गाव त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही.

ह्यांनी तोफेसमोर माझा फोटो काढला. मी म्हटलं, मागच्या बाजूने पण काढा. का म्हणून विचारलं, तर मला सांगता आलं नाही. फोटो चुलत भावाला पाठवला. त्याचं उत्तर दोन मिनिटांत: मस्त! पण अण्णाकाका गनर होते हे माहीत नव्हतं. मी काही लिहिलं नाही. नंतर लिहीन.

परतीच्या फेरीत चढताना हे सवयीने वरच्या जिन्याकडे निघाले. मी त्यांची बाही धरली आणि खालच्या केबिनमध्ये नेलं, मागच्या बाजूला, जिथे इंजिनाची धडधड तळव्यांना लागते आणि पाठीमागची भिंत थोडी कोमट असते. खिडकीची काच मिठाने पांढरी झाली होती. पाच मिनिटं हे गप्प बसले. मग म्हणाले, "इथून काहीच दिसत नाही गं."