उजनीचं पाणी उतरलं तेव्हा कुठे रोहित भेटले

गेल्या वर्षी ऑक्टोबरात उजनी धरणाच्या काठावर भिगवणला गेले होते तेव्हा एक पण फ्लेमिंगो दिसला नव्हता. दोन तास होडीत बसले, नुसतं पाणी. होडीवाल्या दादांनी निघतानाच सांगितलं होतं की ताई धरण फुल आहे, आत्ता नाही यायचे ते, पण मला धरण भरण्याचा आणि पक्ष्यांचा काय संबंध तेच कळलं नव्हतं. तो संबंध असा आहे की फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, पाण्यात उभा राहून चरतो, मान खाली घालून चोच उलटी करतो आणि चिखलपाणी गाळून त्यातलं बारीक काय काय ते खातो, त्यामुळे त्याला पाय टेकतील एवढंच पाणी लागतं. उजनी भरली की काठाचा सगळा उथळ भाग खोल जातो. मग शेतीला पाणी सुटायला लागतं, पातळी उतरते, चिखलाची बेटं उघडी पडतात आणि मग हे येतात.

म्हणून या वेळी तारीख ठरवायच्या आधी मी उजनीची टक्केवारी बघत होते, सोलापूरकर रोज पेपरात बघतात तशी. धरणाचा एकूण साठा 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे पाणी सोडायच्या दारांच्या खालचा, हे पण तेव्हाच कळलं. फेब्रुवारीचा तिसरा शनिवार-रविवार ठरला. बरोबर बाबा. त्यांना रिटायर झाल्यापासून नेईन नेईन म्हणत होते.

तयारीतलं एकच महत्त्वाचं सांगते, दुर्बीण. माझ्याकडे 10 पटीची होती, मागच्या वेळी होडीत तिच्यातून काहीच स्थिर दिसेना, हात जरा हलला की पक्षी गायब. या वेळी मैत्रिणीची 8 बाय 42 ची, म्हणजे 8 पटीची आणि 42 मिलिमीटर भिंगाची, मागून घेतली. जरा लहान दिसतं पण चित्र थांबतं, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात पण चांगलं दिसतं. होडीतून बघणार असाल तर 8 चीच घ्या.

सोलापूर हायवेने पुण्यापासून साधारण 100 किलोमीटर. शनिवारी उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठावर पोचलो. अंधारात आधी आवाज आला, भोंगा अडखळत वाजवावा तसा, आणि मग दिसले पट्टकादंब, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हे मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. 7 हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे, विरळ हवेतला ऑक्सिजन धरून ठेवणारं रक्त असतं त्यांचं. बाबा कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत, मग एकदम म्हणाले, "एवढ्या लांबून येऊन इथे हरभऱ्याच्या शेतात बसतात होय."

होडीवाले दादा तेच, मागच्या वर्षीचे. मी निघतानाच सांगितलं की दादा पक्षी उडवायचे नाहीत, लांबूनच बघू. त्यांना बरं वाटलं असावं, कारण लोक उलटंच मागतात म्हणाले, उडतानाचा फोटो पाहिजे असतो सगळ्यांना. साधारण 80-90 मीटरवर त्यांनी इंजिन बंद केलं, बांबू चिखलात रोवला आणि आम्ही नुसते बसून राहिलो. अर्धा तास तरी.

त्या अर्ध्या तासात जे बघितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. एक रोहित मान पाण्यात घालून जागच्या जागी पाय आपटत गोल फिरत होता, एखादी बाई चिखल तुडवते ना तसा, म्हणजे खालचा गाळ ढवळून वर येतो आणि तो चोचीने गाळून घ्यायचा. पाणी ओसरलेल्या चिखलात तसल्याच गोल खुणा राहिल्या होत्या, मधे उंचवटा आणि भोवती चर. दादांनी दाखवल्या नसत्या तर मला त्या कशाच्या ते कळलंच नसतं. थव्यात काही राखाडी मळकट होते, बाबांना वाटलं दुसरा कुठला पक्षी, पण ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून चढत जातो, पूर्ण चढायला काही वर्षं जातात.

आणि तेवढ्यात दुसरी एक होडी इंजिन चालू ठेवून सरळ थव्यात घुसली. रोहित उभ्या उभ्या उडू शकत नाही, पाण्यावर धावत जाऊन मग उचलला जातो, तेवढी मेहनत. दीडदोनशे पक्षी धावले, उडाले, लांब जाऊन बसले. त्या होडीतले लोक टाळ्या वाजवत होते. मला खरंच रडू आलं. दिवसात अशा किती होड्या येत असतील, आणि प्रत्येक वेळी त्यांचं चरणं तुटतं. फोटोसाठी पक्षी उडवू नका, कळकळीने सांगते.

परत येताना हळदी-कुंकू बदकं, थापटे, चित्रबलाक, शेकाटे, खूप बघितलं. दादांच्या आजोबांची जमीन याच पाण्याखाली गेली, धरण 1980 ला पूर्ण झालं, त्यानंतर घर मासेमारीवर आलं आणि आता पक्ष्यांवर. त्यांनी बोटाने दाखवलं, तिकडे आमची विहीर होती.

रविवारी कडबनवाडी, इंदापूर तालुक्यातच. वनविभागाची ग्रासलँड सफारी आहे, बुकिंग ऑनलाइन करावं लागतं, सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळा आणि बरोबर गावातला गाईड. आम्ही संध्याकाळची घेतली. पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही, वाळलेलं गवत आणि वारा, बाबा म्हणाले इथे काय असणार. गाईड विशीतला पोरगा, धनगराच्या घरातला. तो म्हणाला, "काका, गाडी बंद करा आणि खाली बघा."

खाली मातीच्याच रंगाचे दोन धाविक पक्षी होते. पळायचे, थांबायचे, थांबले की मातीत विरघळून जायचे. मग डोंबारी, चिमणीएवढा चंडोल, सरळ वर चढतो आणि पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार तोच परत वर. हे नाव ज्याने ठेवलं त्याने तो नक्की तासनतास बघितला असणार. चिंकारा आठ दिसले. एक खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलं होतं, शेपटीचं टोक काळं. लांडगा नाही दिसला, फक्त वाटेत पावलं दिसली. गाईड म्हणाला आमची दोन मेंढरं नेली गेल्या पावसाळ्यात, आणि लगेच पुढे म्हणाला, पण तो आमच्या आधीपासून आहे इथे. सरकारी कागदांवर असल्या माळाला पडीक म्हणतात आणि त्यात झाडं लावायला निघतात. झाडं लावली की धाविक, डोंबारी, चिंकारा कुठे जाणार? त्यांचं घर उघडं गवतच आहे.

सूर्य टेकला तसे भोवत्या यायला लागले. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी, दिवसभर एकेकटे फिरतात आणि रात्री सगळे मिळून जमिनीवरच, गवतात झोपतात. वर गोल गोल फिरायचे आणि एकेक करून टपकन गवतात उतरायचे. नर राखाडी, ओळखता येतात. माद्या तपकिरी, पांढुरका भोवत्या की माँटेग्यू ते त्या उजेडात कळेना, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, दोन्हींपैकी एक असा पर्याय असतो तोच टाकला. मी 21 मोजले, गाईडने 24, बाबांनी 17. मी 21 टाकायला गेले तर बाबा म्हणाले, उतरताना ज्यांना बघितलं ते 17 च लिही, वर फिरणारे दोनदा मोजले असतील. 17 लिहिले.