तीन गुंठ्यांत चार झाडं

सासवडच्या बाहेर तीन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन आम्ही घर बांधलं आणि 2019च्या पाडव्याला राहायला आलो. प्लॉट विकणाऱ्याने प्रत्येकाला पाच रोपं भेट दिली होती: दोन गुलमोहर, दोन शोभेचे पाम आणि एक सप्तपर्णी. 'फुकट मिळालंय तर लाव की,' म्हणून नवऱ्याने खड्डा काढला आणि मीही लावलं. पुढच्याच वर्षी वळवाच्या वाऱ्यात एक गुलमोहर मुळासकट आडवा झाला. तो उचलताना शेजारचे काका म्हणाले, "मादागास्करचं झाड हो ते, आपल्या मातीत कितीसं धरून राहणार?" शास्त्रीय कारण काही ते नसावं, गुलमोहराची मुळं मुळात वरवरच पसरतात. पण वाक्य डोक्यात बसलं. आता लावायचं ते इथलंच, असं मी ठरवून टाकलं.

इथलं म्हणजे काय, इथूनच घोळ सुरू झाला. मी वहीत बावीस झाडांची यादी केली होती. त्यात देशी बदाम होता. नावातच देशी, मग शंका कशाला घ्यायची? नंतर कळलं, तो समुद्रकाठचा, पार आग्नेय आशियाकडचा. चिंचही होती. आपल्या प्रत्येक गावाच्या पारावर असली तरी ती मूळची आफ्रिकेची. चिंच खोडताना मला उगाच घरातल्याच माणसाला बाहेर काढल्यासारखं वाटलं. मग मी साधा नियम केला: कानिफनाथाच्या डोंगराला जाताना किंवा पुरंदरच्या पायथ्याला, कोणी न लावता, कोणी पाणी न घालता जे उभं आहे, ते आपलं. आमच्याकडे पाऊस बेताचा आणि माती मुरमाड. डोंगरउतारावर जे तगलं ते अंगणातही तगेल, हा हिशोब.

दुसरी कात्री जागेने लावली. तीन गुंठे म्हणजे 3267 चौरस फूट. त्यातून घर, गाडी, सेप्टिक टँक आणि बोअर वजा केले तर मागे बारा फुटांची आणि बाजूला आठ फुटांची पट्टी उरली. चौकटीच्या कागदावर मी घर आखलं आणि बांगडी ठेवून झाडांची वर्तुळं काढली. बावीस बांगड्या कुठल्या मावताहेत? वड, पिंपळ, काटेसावर गेले. उंबर खोडला तेव्हा मात्र सासूबाई बिथरल्या. त्या दर पौर्णिमेला नारायणपूरला दत्ताला जाणाऱ्या. "दारात लावू नको म्हणतेस ना, नको लावू," त्या म्हणाल्या, "पण कागदावर काट नको मारू." मी रबराने पुसला. शेवटी उरले बहावा, पळस, जांभूळ आणि आपटा. कुंपणाला करवंद आणि अडुळसा, स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता. बस्स.

रोपवाटिकेत गेले तर तिथे पळस नव्हता. "ते कोण नेतंय बाई, ते रानात असतंय." बहावा होता, पण पिशवीतून काढून बघितला तर मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरून दोरीच्या वेटोळ्यासारखी झालेली. अशी मुळं पुढे खोल जायच्या ऐवजी तशीच फिरत राहतात आणि झाड मोठं झाल्यावर लोळतं, हे तोवर कळलं होतं. एक आपटा तेवढा घेतला आणि बाकी सगळं बियांपासून करायचं ठरवलं.

बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडाशी खाली पडलेल्या मिळतात. फोडल्या की आत नाण्यांची चळत लावावी तशा चकत्या, त्यांच्या मध्ये काळा चिकट गर आणि एकेका कप्प्यात एकेक चकचकीत बी. गराचा वास दिवसभर बोटांना राहतो. पहिल्या खेपेला तीस बिया पेरल्या आणि उगवली एक. बी खराब नव्हतं, त्याचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. रानात गर खाणाऱ्या जनावरांच्या पोटातून जाऊन ते मऊ पडतं. माझ्याकडे असं जनावर नसल्याने मी मागच्या दारच्या शहाबादी फरशीवर एकेक बी घासलं, आतला पांढुरका रंग जरा दिसेपर्यंत, आणि रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी ज्या फुगल्या होत्या त्या पेरल्या, तशाच राहिलेल्या परत घासल्या. दहा-बारा दिवसांत कोंब दिसले.

जांभळाने काही कष्ट दिले नाहीत. जूनमध्ये खाल्लेल्या जांभळांच्या बिया त्याच दिवशी मातीत टाकल्या. त्या वाळवून ठेवल्या तर मरतात, हे एवढंच लक्षात ठेवायचं. एका बीतून दोन कोंब आले तेव्हा मी चुकून दोन बिया टाकल्या असं वाटलं होतं, पण जांभळाचा तो स्वभावच आहे. पळसाची शेंग म्हणजे एक चपटा पापुद्रा आणि त्याच्या टोकाला एकच बी. ते मे महिन्यात वेचलं आणि पाऊस लागताच थेट जागेवर टोचलं. पळसाचं मूळ पिशवीत मावत नाही, ते आधी खाली जातं आणि मग वर बघतं.

खड्ड्यांचं सांगायलाच हवं, कारण खरा त्रास तिथे झाला. दोन बाय दोन बाय दोनचे खड्डे काढायला जे मामा आले होते, त्यांची पहार पहिल्याच फुटावर खणकन वाजली. मी म्हटलं, खडक लागला. खडक कसला! विटांचे तुकडे, सिमेंटचे घट्ट गोळे, प्लास्टरचा चुरा, गुटख्याच्या पुड्या आणि एक अख्खी चप्पल. घर बांधून गेलेल्यांनी सगळा राडारोडा पसरून वर चार बोटं लाल माती ओढली होती. आमच्या सुंदर दिसणाऱ्या अंगणाखाली हे होतं. तीन ट्रॉल्या निघाल्या. नवीन घराभोवती झाड लावणाऱ्याने रोप आणायच्या आधी एकदा पहार मारून बघावी. त्याखाली मात्र खरा मुरूम लागला. मामा म्हणाले, "आता लागली जिमीन." मे महिनाभर खड्डे उन्हात उघडे ठेवले. मग तोच मुरूम, थोडी पोयट्याची माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत, एवढंच भरलं.

पहिला उन्हाळा फार वाईट गेला. टँकर आठवड्यातून एकदा येई. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जुनी मडकी शोधून काढली. त्यांच्या बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घातली आणि रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरली. मडकं भरलं की तीन-चार दिवस बघायला लागत नसे. आळ्यात वीतभर पालापाचोळा. शेजारच्या काकूंना तो पालापाचोळा म्हणजे आमचा आळस वाटायचा. त्या एकदा स्वतः झाडू घेऊन आल्या होत्या, चांगल्या मनानेच. शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या रोवल्या. काट्यांनी शेळ्यांपेक्षा माझे हातच जास्त ओरबाडले.

मार्चच्या शेवटी पळस वाळला. वीतभर उंचीची काडी, एकही पान नाही, नखाने खरवडलं तर आत तपकिरी. मी उपटायला वाकले, तर आई म्हणाल्या, "असू दे, जागा काय भाडं मागतेय?" जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर त्याच काडीच्या बुंध्यातून लालसर कोंब वर आला. पळसाचं रोप पहिली काही वर्षं असंच वरून मरतं आणि खालून जगतं. सगळी ताकद मुळात साठवून ठेवतं. पुढच्या वर्षी परत तेच, त्यापुढच्या वर्षी परत तेच. पळसाला पाने तीनच म्हणतात, माझ्या पळसाला तीन वर्षं जेमतेम तेवढीच होती.

बहाव्याच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली. दुसऱ्या पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या. दोन दिवसांत फांदीच्या नुसत्या शिरा उरल्या. मी निंबोळी अर्क मारला आणि अळ्या गेल्या म्हणून खूश झाले. ज्या फुलपाखरांसाठी, पाखरांसाठी म्हणून हे सगळं मांडलं होतं, त्यांचीच पोरं मी मारली हे कळायला वर्ष लागलं. पुढच्या जुलैत एक पांढरट पिवळं फुलपाखरू शेंड्याभोवती घिरट्या घालत होतं. पानावर तांदळाच्या कणीहून बारीक, उभी पांढरी अंडी दिसली. या वेळी पंप बाहेर काढला नाही. झाड निम्मं खाल्लं गेलं, आणि महिन्याभरात परत भरलं. लेक शाळेतून आली की आधी चप्पल न काढता कोष मोजायला जायची. कढीपत्त्यावरच्या अळ्यांशी मात्र आमचा अजून तह झालेला नाही. त्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, आणि मला आमटीला पानं लागतात.

आणि तो विकत आणलेला आपटा. दोन दसऱ्यांना आम्ही त्याचीच पानं सोनं म्हणून वाटली. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याला टपोरी गुलाबी फुलं आली. कुंपणापलीकडून मेंढरं नेणारे धनगर मामा थांबले, हसले आणि म्हणाले, "बाई, आपटा न्हवं ह्यो. कांचान हाय. आपट्याचं पान ल्हान असतंया, जाड, आन् फूल पांढुरकं." मामांनीच मग डोंगराची बाजू सांगितली. तिथला आपटा बघितला तेव्हा कळलं, वेडावाकडा, फांद्या खाली झुकलेल्या, पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त. शेंगा आणल्या. रोप आता कमरेएवढं आहे. कांचन काही वैरी नव्हे, पण तो उभा आहे सेप्टिक टँकपासून चार फुटांवर. आमची वस्ती नगरपालिकेत येते, झाड तोडायचं तर 1975च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगीचा अर्ज करायला लागेल, म्हणून अजून नुसती छाटणीच करतो.

बहाव्याला गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा फूल आलं. चार झुंबरं फक्त, तीही रस्त्याच्या बाजूला, आमच्या खिडकीतून दिसत नाहीत. काकूंनी त्यांच्या गच्चीतून फोटो काढून पाठवले. जांभळाच्या जोडकोंबातला दुसरा वेगळा काढून मी त्यांनाच दिला होता. तो आमच्यापेक्षा उंच झाला आहे, आणि पुढे गाडीवर जांभळांचे डाग पडतील म्हणून काकांची कुरकुर आत्तापासून सुरू आहे.

गेल्या पावसाळ्यात कुंपणाची भिंत आणि गटार यांच्या फटीत एक रोप आलं. कोणी लावलेलं नाही, जांभळावर बसणाऱ्या एखाद्या पाखराचं काम. चार पानं फुटल्यावर ओळखलं, उंबर. भिंतीत ठेवला तर भिंत जाणार. आई काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्याच्याकडे आणि माझ्याकडे बघत राहिल्या. दोन दिवस पाणी मारून फट ओली केली, चाकूने कडेचा सिमेंट खरवडला आणि मुळासकट काढून रंगाच्या जुन्या बादलीत लावला. वस्तीच्या खालच्या अंगाला ओढा आहे, तिथे त्याला भरपूर जागा होईल. जागा ज्यांची आहे त्यांना विचारलंय, ते 'बघू' म्हणालेत. तोवर बादली मागच्या दाराशी आहे, आणि गुरुवारी तिच्यापुढे उदबत्ती लागते.