पगारी माणूस

काल रात्रीचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. ड्यूटीवरून आले, अंघोळ केली, पडदे ओढून पडले, तरी नाही.

"तुम्हाला पगार मिळतो ना." एवढंच. म्हणाला माझा पेशंट, डुशेन झालेला मुलगा; या आजारात स्नायू हळूहळू दुबळे होत जातात. चिडून नाही, अगदी सरळ. मीच विचारलं होतं, आज एवढ्या हाका का रे? आधी कूस बदलून हवी. मग गुडघ्यांमधली उशी सरकली. मग डोक्याखाली कान दुमडला. मग नाकाला खाज. जरा टेकलं की "सिस्टर!" तर म्हणतो, आईला मी इतकं नाही उठवत, तिला सकाळी कामावर जायचं असतं. तुम्हाला पगार मिळतो ना.

लागलं मला. या मुलांच्या खांद्यात जोर नसतो, काखेत हात घालून उचललं तर हातातून निसटतात, हे नव्या मुलींना शिकवते कोण? मी. कफ असिस्ट, म्हणजे खोकून कफ काढायला मदत करणारं यंत्र, लावताना दाब कुणाला सोसत नाहीये ते चेहऱ्यावरून ओळखते कोण? आणि माझी कंबर... त्या कंबरेचं जाऊ दे. एवढं करून मी कोण, तर पगारी माणूस.

तसं खोटं काय आहे त्यात? पगार मिळतोच. किती मिळतो हा भाग वेगळा.

पण दुपारी दचकून जाग आली ती भलत्याच गोष्टीने. परवा त्याची आई सांगत होती, हल्ली रात्री उठवतच नाही हो, झोप सुधारलीय त्याची. किती खुशीत होती! म्हणजे घरी हा दुमडलेला कान तसाच ठेवून पडून राहतो. सकाळी डोकं दुखतं, नाश्ता नको असतो, आणि ते सगळं परीक्षेच्या नावावर खपतं. डुशेनमध्ये श्वासाचे स्नायू दमायला लागले की पहिली कुरबुर रात्रीच सुरू होते. झोपेत श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मूल सारखं जागं होतं, कूस बदलून मागतं. दिवसा बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावावं तर ९६ किंवा ९७, सगळे निश्चिंत. त्यात कुणी नुसताच ऑक्सिजन लावला तर आकडा आणखी गोजिरा दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत राहतो. आणि "रात्री किती वेळा उठतो?" हे आम्ही विचारतो कुणाला? ज्या बाईपासून तो लपवतोय तिलाच.

सरांना लगेच फोन केला. रात्रभराची स्लीप स्टडी करू, कार्बन डायऑक्साइडही मोजू, लागलं तर बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र, लावू, म्हणाले. आईशी बोलायचं मात्र माझ्यावर टाकलं. "तुमचं पटतं त्यांच्याशी." पटतं म्हणून काय झालं? तो सुधारला नाहीये, त्याला तुमची दया येते, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? परवाचा तिचा चेहरा...

नको. तो विषय संध्याकाळी.

पगाराचंच बोलू. घरात त्याला प्रत्येकाला सांभाळून घ्यावं लागतं. बाबांची पाठ, आईची झोप, आजीचं डोळ्याला पदर लावणं. माझ्याशी तसं काही नाही. माझ्यासमोर त्याला समजूतदार असावं लागत नाही, चौदा वर्षांचा हट्टी पोरगा असला तरी चालतं. का, तर मला पैसे मिळतात. आता यावर रुसून बसायचं म्हणजे मीच चौदा वर्षांची ठरेन.

आजही नाइट आहे. त्याला सांगणार आहे, हव्या तेवढ्या हाका मार बाबा, पण मी उभी असतानाच सुचतील तेवढी कामं सांगून टाकत जा. गुडघ्यांचा पगार वेगळा मिळत नाही.